तिसरी खुंटी

केबिनच्या दारामागे तीन खुंट्या होत्या आणि आम्ही माणसंही तीनच होतो, म्हणजे हिशेब बसायला काही हरकत नव्हती. पण बसला नाही. पहिल्या खुंटीवर नवऱ्याने आपला कोट लावला. मधल्या खुंटीवर त्याच्या लेकीने आपलं निळं जॅकेट अडकवलं. आणि मग तिने बॅगेतून, झोपलेलं तान्हं मूल उचलावं इतक्या जपून, एक विटकरी रंगाचं बायकी जॅकेट काढलं, झटकलं आणि तिसऱ्या खुंटीवर लावलं. ते जॅकेट घालणारी बाई चार वर्षांपूर्वी वारली. मी माझा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"आईचं दर वर्षी तिथेच असतं," लेक म्हणाली. मला नाही, खुंटीला सांगितल्यासारखं.

मी या घरात दुसरी. लग्नाला वर्ष होत आलं होतं. एका इमारतीच्या जिन्याखाली माझं अल्टरेशनचं दुकान आहे. थोरल्याची पँट धाकट्याला बसवून देणं, वजन उतरलेल्यांचे कोट आत घेणं, वजन चढलेल्यांचे सोडून देणं, हे माझं काम. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. गणवेशाची चेन बिघडली म्हणून पहिल्यांदा आला, मग चांगल्या चालणाऱ्या चेनी घेऊनही यायला लागला. मी काय ते समजले. त्याची लेक तेव्हा दहा वर्षांची. तो तिला खारू म्हणतो, कारण लहानपणी ती खायचं सगळं गालात साठवून ठेवायची. मला ती काहीच म्हणत नाही. मावशी म्हण असं त्याचं तिला दहा वेळा सांगून झालं. ती माझ्याशी 'तुम्ही' करून बोलते, खिडकीपलीकडच्या कारकुनाशी बोलावं तसं. "तुम्ही मीठ देता का?" मी देते.

थंडी सुरू झाली की या सरकारी वनोद्यानातल्या याच लाकडी केबिनमध्ये येऊन राहायचं, हा त्या तिघांचा रिवाज होता. ती गेल्यावर दोघांनी तो चालू ठेवला. गेल्या वर्षी आमचं लग्न अजून व्हायचं होतं, तेव्हा मी घरी. या वर्षी नवरा म्हणाला, "तूही चल." त्या शब्दाने मला दोन दिवस झोप नव्हती. आनंदाने नव्हे. बसमध्ये उभं राहायला जागा आहे असं कंडक्टर ज्या आवाजात सांगतो, तसं वाटलं मला ते.

तर मला त्या केबिनमध्ये एक खुंटी हवी होती. हसा खुशाल. घरातलं कपाट मिळालं होतं, बँकेत नाव लागलं होतं, पण ते सगळं कागदांनी दिलं होतं. खुंटी लेकीच्या हातात होती. ती मिळाली की मी त्यांच्यातली, नाही मिळाली तर दर थंडीत मी आपली खुर्चीवरची.

पहिल्या दिवशी मी शेगडी पेटवायला घेतली. लोखंडी शेगडी, वर छताबाहेर जाणारं धुराडं. लाकडं ओलसर होती. अर्धी काडेपेटी संपली तरी नुसता धूर.

"आई एका काडीत पेटवायची," खारू म्हणाली.

"हो का?"

"एका काडीत. हो ना, बाबा?"

बाबा म्हणाले, "हो."

संध्याकाळी तळ्यावर गेलो. पलीकडे काळा कडा सरळ पाण्यात उतरला होता, आणि त्याच्या टोकावरून दिसणारा देखावा बघायलाच माणसं लांबलांबून इथे येतात. मी म्हटलं, सुंदर आहे. "आईला वरून दिसणारं सगळं पाठ होतं," खारू म्हणाली. आई होडी एकटी वल्हवायची. आई पक्षी दिसायच्या आधी आवाजावरून सांगायची. आईच्या हातची अंडी कधी खाली लागायची नाहीत. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, हे आजवर लोकांच्या तोंडून ऐकलं होतं. इथे मी सकाळ-संध्याकाळ ते दूध पीत होते.

माझा जळफळाट होत होता, आणि त्याची मला लाज वाटत नव्हती. जिवंत सवत असती तर निदान भांडता आलं असतं. कधीतरी ती आजारी पडली असती, कुणाला वेडंवाकडं बोलली असती, जाडी झाली असती. ही बया कायमची चाळिशीच्या आतली आणि कायमची गुणी.

मन रमवायला माझ्याकडे एकच गोष्ट होती. स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या खिडकीला हिरव्या-पांढऱ्या चौकडीचा पडदा होता, उन्हाने विटलेला. त्याची डावी बाजू उजवीपेक्षा चांगली वीतभर आखूड होती आणि कडाही दुमडलेली नव्हती. कुणीतरी आंधळ्या कात्रीने कापल्यासारखी वाकडी. भांडी घासताना माझी नजर तिथेच जायची आणि हात शिवशिवायचे. सरकारी पडदा. झिजून भोकं पडतील, पण बदलला जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं होडीत बसून भिजून आली. खारूने आपलं निळं जॅकेट काढलं आणि शेगडीमागच्या तारेवर, अगदी धुराड्याला लागून, वाळत घालायला घेतलं.

"तिथे नको," मी म्हटलं. "नायलॉन आहे ते."

"आई इथेच वाळवायची."

तिचं सुती असेल, हे तीन शब्द माझ्या जिभेवर होते. मी ते गिळले. "वाळव मग," म्हणाले आणि बटाटे सोलायला बसले. दुसऱ्यांदा सांगितलं नाही. म्हटलं, बघूच तुझ्या आईची तार.

बटाटे सोलून व्हायच्या आत वास आला. एक बाही आणि अर्धी पाठ विरघळून धुराड्याला चिकटली होती. नवरा चिमट्याने ती खरवडत बसला. खारू जॅकेटकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी सांगितलं होतं तुला."

हे खरं होतं. पण ते मी कुठल्या आवाजात सांगितलं होतं ते तिलाही कळलं होतं आणि मलाही. मूग गिळून आम्ही दोघींनी बटाटे खाल्ले.

सकाळी कड्यावर चढायचं होतं. बाहेर असला बोचरा वारा की नुसत्या स्वेटरवर मुलीला नेता येणार नव्हतं. माझा कोट पुढे केला तर म्हणाली, "नको, थँक यू." मग नवऱ्याने तिसऱ्या खुंटीवरचं जॅकेट काढलं, एकदा नाकाशी धरलं आणि लेकीला घातलं. ते नाकाशी धरणं मी पाहिलं. चार वर्षांत त्याला डांबराच्या गोळ्यांशिवाय काय वास येणार! 

खारू मात्र फुलून आली. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या, कडा गुडघ्यापर्यंत, आत आणखी एक मुलगी मावली असती. नवऱ्याने बाह्या दुमडल्या. त्या चार पावलांवर सुटल्या. पुन्हा दुमडल्या.

कड्याच्या पायथ्याशी चौकी आहे. तिथून वर खडकात ठोकलेली लोखंडी शिडी लागते, पकडायला साखळ्या. चौकीवरच्या वनरक्षक बाईंनी आमच्याकडे बघितलं आणि हात आडवा केला.

"हिला असं सोडता येणार नाही. सैल कपडा शिडीवर चालत नाही. साखळीत बाही अडकली म्हणजे? खाली तळंच आहे."

"मी मागून धरतो तिला," नवरा म्हणाला.

"तुम्हाला कोण धरेल? नाही. नियम आहे." मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, तुम्ही तरी मुलीला मापाचं घालून आणायचं ना. आईचं लक्ष हवं."

"त्या माझी आई नाहीत," खारू म्हणाली. मोठ्याने. मागच्या रांगेतल्या लोकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

वनरक्षक बाई बिचाऱ्या साखळीकडे बघायला लागल्या. मी हसले. असं काही झालं की मी हसते, ही माझी खोड आहे. परत येताना नवरा माझा हात धरायला बघत होता. मी कोटाच्या खिशात हात घालून चालले.

केबिनमध्ये आल्यावर खारू जॅकेट न काढताच झोपायच्या वरच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून झोपली. नवरा खाली उभा. "पुढच्या वर्षी चढू," म्हणाला. वरून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला.

"मी मापाचं करून देते," मी म्हटलं. "उद्या निघायच्या आधी चढता येईल."

हे मी मुलीच्या दयेने म्हटलं असं सांगितलं तर मला चांगलं दिसेल. पण तसं नव्हतं. माझ्या डोक्यात सरळ गणित होतं: जॅकेट मापाचं झालं की ते मुलीचं झालं. मुलीचं झालं की ते मुलीच्या खुंटीवर जाणार. आणि तिसरी मोकळी.

"नाही." नवऱ्याचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. "त्याला कात्री लागणार नाही."

माझ्या कपाटातल्या कुठल्या वस्तूसाठी हा माणूस असा आवाज काढील का, असं माझ्या मनात आलंच.

"कात्री लावत नाही," मी म्हटलं. "टाके उसवून आत घेते. कापड आतच राहील. हवं तेव्हा सोडलं की होतं तसं मोठं."

बाकावरून डोकं वर आलं. "शिडी चढता येईल?"

"येईल."

"मग करा."

 नवरा कुऱ्हाड घेऊन बाहेर गेला आणि लाकडांवर राग काढायला लागला.

माझ्या पर्समध्ये टेप, सुया, दोन-तीन रंगांचे दोरे आणि कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड कायम असतं. खारू खाली उतरली आणि समोर उभी राहिली, दोन्ही हात अंगाला चिकटवून, फोटो काढताना उभं करतात तशी. खांदा, छाती, दंड, मनगट. वर्षभरात मी त्या मुलीला पहिल्यांदा हात लावत होते, तोही टेप मध्ये ठेवून. उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली होता. दप्तर एकाच खांद्यावर घेत असणार. मला ते आधी दिसलं नव्हतं आणि का कोण जाणे, त्याचाही राग आला. तिच्या आईला दिसलं असतं.

खिडकीशी टेबल ओढून मी बसले. ती बाकावर परत गेली. अस्तर उसवायला घेतलं. वरची शिवण कारखान्याची होती, सरळ आणि निर्जीव. पण बगलेखाली ब्लेड अडलं. तिथला दोरा वेगळा होता, जाड, काळा, हाताने घातलेला.

मी अस्तर उलटलं आणि बघतच राहिले.

असे टाके मी शिकाऊ मुलींचेही पाहिलेले नाहीत. एक नखाएवढा, पुढचा बोटभर. मध्येच गाठ, गाठीवर गाठ, गाठ सुटली म्हणून त्यावरून पुन्हा तीन फेऱ्या. दोरा एके ठिकाणी संपलेला, तर तिथून पुढे पांढरा. दोन्ही बाजूंना वरून टोकदार आणि खाली रुंद असे कापडाचे तुकडे घातले होते. आम्ही त्याला कळी म्हणतो, कपडा रुंद करायला बाजूला घालतात ती. पण या कळ्या होत्या की घोड्याच्या नाकावरच्या पट्ट्या! एक इकडे, दुसरी तिच्यापेक्षा चार बोटं वर. नंतर कधीतरी त्या आत दुमडून वरून टाचल्या होत्या, म्हणून बाहेरून दिसत नव्हत्या.

म्हणजे बाईसाहेबांना शिवता येत नव्हतं!

होडी येत होती, पक्षी येत होते, एका काडीत शेगडी येत होती, पण साधी सरळ शिवण येत नव्हती. मला जो आनंद झाला तो मी सांगत बसत नाही. आणि मग कळ्यांचं कापड माझ्या डोळ्यांत भरलं. हिरवी-पांढरी चौकडी. अस्तराच्या आत ऊन लागलं नव्हतं म्हणून रंग ताजा होता, पण चौकडी तीच. मी मान वर करून ओट्यावरच्या पडद्याकडे बघितलं. आखूड, वाकडा, डावीकडचा.

गुणी बाईने सरकारी पडदा चोरला होता.

मी इतक्या मोठ्याने हसले की बाहेरची कुऱ्हाड थांबली.

"काय झालं?" खारू बाकावर उठून बसली. तिचा चेहरा कडक झाला होता. "आईच्या जॅकेटला हसताय?"

"नाही गं. असंच," मी म्हटलं आणि मांडीवरचं अस्तर झाकलं.

कारण तेवढ्यात माझ्या हातांना पुढचं कळलं होतं. हातांना आधी कळतं, मला मागून. या कळ्या छातीला नव्हत्या. खांद्यालाही नव्हत्या. बगलेखालून निघून पोटावर रुंद झाल्या होत्या. अशा कळ्या मी शेकड्याने घातल्या आहेत, माझ्याकडे त्या बायका पोटावर हात ठेवूनच येतात. जॅकेटची चेन लागेनाशी झाली होती आणि थंडी होती आणि तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने पडदा फाडला आणि मिळेल त्या दोऱ्याने पोट झाकलं. हिरव्या चौकडीवर एक तपकिरी ठिपका होता. सुई बोटात गेली असणार. तरी पुढचे टाके होतेच, आणखी वाकडे.

जॅकेट मुलीच्या मापाचं करायचं तर कळ्या निघायला हव्या होत्या. शेगडी हातभर अंतरावर होती. दोन चिंध्या आत टाकल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. नवऱ्याच्या ध्यानात नव्हतं हे उघड होतं. नाहीतर पडद्याकडे बघून तो कधीतरी काही बोलला असता. मुलीला तर कुणी सांगितलंच नव्हतं. जगात ही गोष्ट फक्त मला माहीत होती. आणि मी ती सांगितली तर काय होणार तेही मला पक्कं माहीत होतं. आधीच मणभर, त्यात आणखी दोन शेर. माझी खुंटी कुठल्या कुठे.

मी एक कळी उसवून काढली. हातात धरली. शेगडीचं दार उघडं होतं, आतला उजेड कापडावर पडला होता.

तीन फेऱ्या. प्रत्येक गाठीवर तीन फेऱ्या घातल्या होत्या. शिडीवर उसवू नये म्हणून, तशातही तिला वर चढायचंच असणार. शिवणकाम येत नसलेल्या बाईने एवढी मेहनत घेतली होती, आणि मी शिवणारी बाई आहे. मला ते जाळवेना. मी स्वतःवर भयंकर चिडले, पण जाळवेना.

"ए, खाली ये," मी म्हटलं. "तुला एक दाखवायचंय."

ती आली. मी कळी टेबलावर पसरली. "हे कापड ओळखतेस?"

तिने बघितलं. मग पडद्याकडे बघितलं. मग पुन्हा कापडाकडे. "पडदा?"

"तुझ्या आईने कापला. आणि इथे लावला, बघ, पोटाला. हे तिच्या हातचे टाके. कुणाच्या पोटात बाळ असलं ना, की कपड्याला अशी जागा करावी लागते."

खारू हलली नाही. नुसतं बोट पुढे करून तिने काळ्या दोऱ्याची एक गाठ दाबली.

"म्हणजे आत मी होते?"

"मग काय मी होते?"

ती हसली नाही. वळली आणि दार उघडून ओरडली, "बाबा! बाबा, लवकर या!"

तो काहीतरी भाजलं-कापलं असं समजून धावत आला. टेबलावरची चौकडी बघितली, आणि लाकडाची मोळी हातात तशीच धरून मटकन खाली बसला. आधी त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय असं मला वाटलं. तो हसत होता.

"उंदीर," तो म्हणाला. "आम्ही चौकीत सांगितलं, पडदा उंदराने खाल्ला. तो माणूस उंदराचा पिंजरा घेऊन आला. रोज सकाळी येऊन विचारायचा, सापडला का? आणि ही तिथे उंदीर पोटावर बांधून उभी!"

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?" खारू म्हणाली.

"मी विसरलोच होतो गं. अगदी विसरलो होतो." त्याने डोळे पुसले. "शिवता कुठे यायचं तिला! बटण लावायला बसली की मी खोलीबाहेर जायचो, इतकी चिडायची."

"पण शेगडी एका काडीत पेटवायची."

"एका काडीत? पहिल्या वर्षी आम्ही रात्रभर धूर खाल्ला. मला वाटलं, आता आम्हा दोघांचंच जळण होणार."

"मग मला का सांगितलंत एका काडीत?"

त्याने हातातली मोळी बाजूला ठेवली. "तू सारखी विचारायचीस," म्हणाला. "मला वाटलं, चांगलं चांगलंच सांगावं."

मग विचारायलाच नको. ती त्याला विचारत सुटली आणि तो सांगत सुटला. आई कशी चिडायची, आई होडीतून कशी पडली, आईला अंडी उकडून का खायला लागली. दोघं जमिनीवर बसलेली, मांडीवर ते जॅकेट, हसून हसून लाल झालेली. त्यांच्यात ती तिसरीही बसली होती, अगदी स्पष्ट, चिडकी, वेंधळी, बोटातून रक्त आलेली. आणि मला ती आवडायला लागली होती, ही तर हद्द झाली. मी टेबलाशी, हातात ब्लेड. मीच ताट वाढलं आणि मीच उपाशी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जळून माझा कोळसा झाला होता, आणि चहा कुणी करायचा, तर मीच.

चहा झाल्यावर मी म्हटलं, "उजेड आहे तोवर द्या इकडे. शिवायचंय मला."

खारू जॅकेट घेऊन आली आणि टेबलाशी उभी राहिली. "त्या चौकड्या टाकून देणार?"

"आत दुमडते. तू वाढलीस की सोडायच्या."

"आणि आईचे टाके?"

खरं तर सगळे उसवायला हवे होते. असं काम माझ्या दुकानातून बाहेर गेलं असतं तर मी पाटी उतरवली असती. "डावीकडची एक ओळ ठेवते," मी म्हटलं. "फार वाईट आहे. पण पक्की आहे."

ती तिथेच उभी राहून बघत राहिली. दुसऱ्यांदा दोरा संपला तेव्हा न सांगता तिने सुईत ओवून दिला.

सकाळी वनरक्षक बाईंनी बाही ओढून बघितली, बगलेत दोन बोटं घालून बघितली आणि साखळी बाजूला केली. खारू पुढे, मध्ये नवरा, मागे मी. पहिल्या टप्प्यावर नवरा थांबला. वर विटकरी पाठ एकेक पायरी चढत होती. आता ती पाठ मापात बसली होती, खांदे जागच्या जागी, कंबर जागच्या जागी, सगळं माझ्या हातचं. तो त्या पाठीकडे ज्या डोळ्यांनी बघत होता ते माझ्यासाठी नव्हते, लेकीसाठीही नव्हते. मी साखळी धरून खाली उभी राहिले.  मग तोच म्हणाला, "येतेस ना?" आणि मला वर घ्यायला हात दिला. कड्यावरून तळं कसं दिसतं ते मला विचारू नका. माझं लक्ष नव्हतं.

खाली आल्यावर ती दोघं पुढे गेली. मी नळावर पाण्याची बाटली भरली, पाय धुतले, मुद्दाम वेळ काढला. आता ते जॅकेट मुलीचं होतं. मधल्या खुंटीवर जाणार होतं. निघायला जेमतेम तासभर राहिला होता, पण तासभर तर तासभर.

दार ढकललं. विटकरी जॅकेट तिसऱ्या खुंटीवर होतं. जिथे पहिल्या दिवशी होतं तिथेच.

 मी कोट काढला आणि खुर्चीकडे वळले.

"खुर्चीवर नको," खारू ओट्याशी बशा पुसत होती, तिने मागे वळूनही बघितलं नाही. "मधल्या खुंटीवर लाव."

"ती तुझी आहे."

"माझं जॅकेट जळलं ना. मी आता आईचंच घालणार, मग ते आईच्या खुंटीवर राहणार. माझी रिकामीच आहे." तिने बशी उलटी ठेवली. "पुढच्या वर्षी पण तूच लाव."

नवरा बॅगेची चेन लावत होता. ती अडकली नव्हती तरी तो ती लावतच राहिला.

मी मधल्या खुंटीवर कोट लावला. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सवत. खुंट्या जवळ जवळ होत्या. विटकरी बाही माझ्या कोटावर येऊन पडली. मी ती बोटाने जरा पलीकडे सारली. ती परत तिथेच आली.